आतून कडी

"कात्री आत जाणार नाही, मॅडम."

"मग मी तिकडे जाऊन दातांनी कापड फाडू?"

विमानतळावरच्या तपासणीवाल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर कुणी शिकवलेलं नव्हतं. ती कात्री हातात धरून नुसती उभी राहिली. मागे रांग खोळंबली होती. पट्टे काढून ट्रेमध्ये टाकलेली माणसं एका हाताने पँट सावरत, माना उंच करून बघत होती. आणि आत्या आपल्या चाकाच्या खुर्चीत ताठ बसून कात्रीवरची नजर काढत नव्हती. पितळी मुठीची, चांगली वजनदार कात्री होती ती. इतकी वर्षं वापरून तिची मूठ आत्याच्या अंगठ्याच्या मापाने झिजली होती.

"मोठ्या बॅगेत टाकायची होती ना," तपासणीवाली म्हणाली.

"आणि बॅग हरवली तर?"

"बॅग हरवत नाही, मॅडम."

"मग कात्री कशी हरवतेय? माझ्या डोळ्यांदेखत?"

आत्या टेलर होती. भावाच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. मशीन, इस्त्री, एक आरसा आणि गिऱ्हाइकांना बसायला बाक. लहानपणच्या एका तापात पाय गेले ते गेले. त्यांची सगळी कसर हातांनी आणि जिभेने भरून काढली, असं तिची वहिनी म्हणायची, आणि 'जिभेने' म्हणताना जरा थांबायची. भाचरं आत्या म्हणत म्हणून गिऱ्हाइकंही आत्या म्हणू लागली, आणि आता तर काठी टेकत येणारे म्हातारेही "आत्या, पँट कमरेत सैल करून द्या" म्हणत.

आज आत्या धाकट्या बहिणीकडे निघाली होती. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरीचे कपडे दुसऱ्या कुणी शिवले असते तर आत्याने त्या लग्नाला लग्नच म्हटलं नसतं. निघाली होती विमानाने, आणि एकटी. यातल्या विमानाला घरात कुणाची हरकत नव्हती. 'एकटी'वरून मात्र अख्खा उन्हाळा धुसफूस चालली होती. शेवटी दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, म्हणाला होता, "जा. पण काही झालं ना, तर पुन्हा हा हट्ट करायचा नाही." आत्याने कबूल केलं होतं. त्यामुळे आज काहीही होऊन चालणार नव्हतं.

"बाहेर तुमचं कुणी असेल तर त्यांच्याकडे देता येईल कात्री," तपासणीवाली नरमाईने म्हणाली.

आत्याने मान वळवली. लांब, काचेपलीकडे, दादा उभा होता. तो तिला सोडून, "निघतो आता" म्हणून, हात हलवून गेला होता. प्रत्यक्षात तो एका खांबामागे जाऊन उभा राहिला होता. खांब अरुंद आणि दादा रुंद, त्यामुळे त्याचं पोट एका बाजूने आणि पाठ दुसऱ्या बाजूने दिसत होती.

"बाहेर माझं कुणी नाही," आत्या म्हणाली. "मी एकटी आलेय."

कात्री ठण्णकन जप्तीच्या खोक्यात पडली. आत्या त्या खोक्याकडे बघत असतानाच एक शिपाई तिची खुर्ची तपासत होता. त्याने डाव्या ब्रेकमध्ये कोंबलेली जाड कापडाची एक घडी उपसून काढली, उलटसुलट करून पाहिली आणि कचऱ्यात टाकली. तो ब्रेक सैल होता. "येत्या रविवारी बसवून देतो," असं दादा कित्येक रविवार म्हणत आला होता आणि तोवर ती चिंधी ब्रेकचं काम बघत होती. ती गेल्याचं आत्याला कळलंही नाही. गळ्यातली मापाची टेप मात्र कुणी काढून घेतली नाही. ती तिच्या गळ्यात इतकी सहज पडलेली असे की तपासणीवालीला बहुधा दागिनाच वाटला.

खुर्ची ढकलायला विमान कंपनीने एक माणूस दिला होता. "दिवसभर ढकलून दमला असाल, बसा जरा," म्हणून आत्याने त्याला एका बाकावर बसवून टाकलं आणि स्वतःची चाकं स्वतः फिरवत ती आत गेली. आत गेल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली, तर चहा घेतला.

यात काही विशेष आहे असं कुणाला वाटणार नाही, पण वहिनीने हे पाहिलं असतं तर ती मटकन खालीच बसली असती. आत्याच्या प्रवासाचा नियम ठरलेला होता, आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. कितीतरी लग्नं, सत्कार आणि दवाखाने तिने कोरड्या घशाने उरकले होते. कुठल्याही इमारतीत शिरली की तिची नजर आधी त्या एका दारावर जायची. खुर्ची आत जाईल की नाही? बहुतेक ठिकाणी जात नसे. एका कार्यालयात दार छान रुंद होतं, पण दारापर्यंत पोचायला पायऱ्या होत्या. दुसरीकडे पायऱ्या नव्हत्या, पण आत केरसुण्या, बादल्या आणि एक मोडका पंखा मुक्कामाला आलेले होते. लोक आग्रहाने सरबत पुढे करायचे आणि आत्या म्हणायची, "नको, माझा घसा धरतो." आत्याला सरबत चालत नाही, अशी सगळ्या नातेवाइकांत तिची ख्याती झाली होती. घरी पोचल्यावर ती तांब्या तोंडाला लावायची तो रिकामा करूनच खाली ठेवायची.

पण या विमानतळाचं बाथरूम मोठं आहे, नवीन आहे, खुर्ची आत गरकन फिरते, असं भाचीने कळवलं होतं. नुसतं कळवलं नव्हतं, फोटो पाठवला होता. तो फोटो आत्याने रोज रात्री झोपताना एकदा उघडून पाहिला होता. प्रवासाचं तिकीट दादाने काढलं, पण जायचं नक्की ठरलं ते त्या फोटोमुळे.

"मोठा द्या," ती चहावाल्याला म्हणाली. "आणि साखरेत हात आखडू नका."

तिने तो चहा घोट घोट करत, आजूबाजूच्या माणसांकडे बघत, शेवटपर्यंत प्यायला. परक्या ठिकाणी, चारचौघांत, पोटभर चहा. तिला एवढा आनंद झाला की कुणाला तरी सांगावं असं वाटलं, पण सांगणार काय?

चहा आपलं काम वेळेवर करतो. आत्या दारापाशी पोचली. दारावर खुर्चीतल्या माणसाचं मोठं चित्र होतं आणि दार आतून बंद होतं. आत पाण्याचा आणि कुणीतरी घसा साफ केल्याचा आवाज येत होता. आत्या थांबली. बराच वेळ थांबली. मग दार सरकलं आणि आतून सुगंधाच्या लोटाबरोबर एक धडधाकट गृहस्थ बाहेर आले. दाढी केलेली, भांग पाडलेला, अंगावर करकरीत सूट.

"सॉरी हं," गृहस्थ म्हणाले. "मोकळं दिसलं म्हणून."

"खुर्चीतून उठले तर हीसुद्धा मोकळी दिसेल. न्याल?"

गृहस्थ कसनुसं हसले आणि निघाले.

"आणि कोटाचा डावा खांदा उतरलाय," आत्या मागून म्हणाली. "शिवणाऱ्याकडे परत द्या."

गृहस्थ लांब जाईपर्यंत आपला डावा खांदा चाचपत होते. दाराशेजारी फरशी पुसत उभी असलेली सफाईवाली फसकन हसली. साधारण आत्याच्याच वयाची, बुटकी, कमरेला फडकी खोचलेली. टर्मिनलमधले सगळे, साहेबांपासून हमालांपर्यंत, तिला मावशी म्हणत. म्हणजे आता त्या दारापाशी एक आत्या आणि एक मावशी अशी घरचीच माणसं जमली होती.

"थांबा ताई, आधी पुसून घेते. या लोकांनी आरशालासुद्धा फेस लावलेला असतो," मावशी म्हणाली आणि आत जाऊन, सगळं लखलखीत करून बाहेर आली. "मदतीला येऊ का आत?"

"नको."

"मग दार नुसतं लोटून घ्या. मी उभी राहते इथे."

"नको," आत्या म्हणाली, आणि मग गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली, "मी कडी लावणार आहे."

मावशी गोंधळली. "लावा की. कडी त्यासाठीच आहे."

मावशीला काय माहीत! आत्या शाळेत जायच्या वयाची असताना एकदा घरच्या न्हाणीघरात आतून कडी लावून बसली होती आणि पडली होती. दादाला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटत होतं. त्याने खांद्याने दार फोडलं. दार दुरुस्त झालं, दादाचा खांदा मात्र अजून कुरकुरतो. त्याच दिवशी त्याने स्क्रू काढून ती कडीच उचकटून फेकून दिली. आत्यापुरती नव्हे, सगळ्या घरापुरती. पुढे दार बदललं, फरशी बदलली, नळ बदलले, कडी काही परत आली नाही. आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळायला तर हवं, म्हणून आत जाईल त्याने गात राहायचं, असा त्या घरात रिवाजच पडला. दादा शाळेतली प्रार्थना एका सुरात म्हणायचा. भाचा शीळ घालायचा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला पहिल्याच सकाळी हा नियम समजावून सांगावा लागला. तिला गाणं येत नव्हतं, ती पाढे म्हणायची. पाहुण्यांना खोकायला सांगत. आणि आत्या आत असली की ती गात असूनही दादा बाहेर उभा राहायचा आणि दर थोड्या वेळाने विचारायचा, "झालं का?"

आत्याने दार सरकवलं. कडी चांगली जाडजूड, चकचकीत होती. तिने ती फिरवली. खट् असा आवाज झाला.

सवयीने ती गायला लागली. एक ओळ झाली आणि ती एकदम थांबली. कशाला गायचं? कडी लागली होती! कुणी येणार नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. ती काही न करता तशीच बसून राहिली आणि ती शांतता तिने कान देऊन ऐकली. डोळ्यांत पाणी आलं तसं मात्र तिला स्वतःचाच राग आला. बाथरूममध्ये येऊन रडायला ती काय नवी नवरी होती?

मग तिने सावकाश सगळं पाहिलं. भिंतीला धरायला दांडे होते. बेसिन खाली होतं. आरसा जरा पुढे कललेला होता, त्यामुळे तिला त्यात नुसता भांग न दिसता सबंध चेहरा दिसला. कोपऱ्यात छतापासून एक लाल दोरी लोंबत होती आणि शेजारी 'मदतीसाठी ओढा' अशी पाटी होती. ती दोरी कुणीतरी वरच्या वर दुमडून, तिची घट्ट वेणी घालून, टोकाला झकास फुलाची गाठ मारून ठेवली होती. आत्याला गाठीतलं कळत होतं. कुणाचा तरी हात चांगला आहे, असं तिच्या मनात आलं.

पुढचं सगळं यथासांग पार पडलं. कपडे नीट झाले. एका हाताने दांडा धरून, दुसरा हात खुर्चीवर टेकून आत्या अंग उचलणार, तोच खुर्ची शांतपणे मागे सरकली. आत्या शांतपणे खाली बसली. खुर्ची पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन थांबली.

"चिंधी!" आत्या म्हणाली. कात्रीपायी चिंधीकडे लक्षच गेलं नव्हतं.

लागलं फारसं नव्हतं. बूड दुखत होतं आणि त्याहून जास्त अभिमान दुखत होता. सरकत खुर्चीपर्यंत जाता आलं असतं, पण ब्रेक नसलेल्या खुर्चीवर जमिनीवरून चढणार कसं? कडीपर्यंतही हात पोचला असता. पण दार उघडून, भर गर्दीत, फरशीवरून सरपटत बाहेर यायचं? त्यापेक्षा तिने विमान सोडलं असतं. "मावशी!" म्हणून तिने एक हाक मारून पाहिली. पण 'कडी लावणार' म्हटल्यावर मावशी बिचारी मान राखून चहाला निघून गेली होती.

खिशातला फोन वाजला. दादा.

आत्याने फोनकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. दादा काच फोडून आत आला असता, त्याने तिला उचलून घरी नेलं असतं, आणि मग पुढची सगळी वर्षं पाढे, शीळ आणि 'झालं का?'. तिने फोन उचलला.

"हां, दादा."

"बसलीस का?"

"बसलेय," आत्या म्हणाली. ते खरंच होतं.

"जागा नीट आहे ना?"

"ऐसपैस आहे."

"आवाज घुमतोय तुझा."

"मोठं बांधकाम आहे," आत्या म्हणाली, आणि तेवढ्यात दिवे गेले. ते दिवे हालचाल दिसली की लागायचे आणि दिसली नाही की विझायचे, आणि खाली बसलेली आत्या त्यांच्या हिशेबी नव्हती. तिने अंधारात जोराने हात हलवले. दिवे लागले.

"पाणी नाही ना प्यायलीस?"

"पाण्याचा थेंब नाही, दादा."

"शहाणी आहेस. काही झालं नाही ना?"

"ठेव आता फोन. हातात काम आहे," आत्या म्हणाली आणि तिने स्वतःच फोन ठेवला.

काम म्हणजे दोरी. दोरीचं फूल तिच्या डोक्याच्या खूप वर होतं. आत्याने गळ्यातली टेप काढली. टेपच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते, ती जरा जड. तिने नेम धरला आणि टेप भिरकावली. ती हात वाळवायच्या यंत्रासमोरून गेली आणि यंत्र घोंघावायला लागलं. दुसऱ्या वेळी टेप नळावर पडली, नळ वाहायला लागला. पुढच्या वेळी फ्लश झाला. तिथली एकेक वस्तू हात हलवला की तत्परतेने कामाला लागत होती, फक्त मदत सोडून. मधूनच दिवे जात होते आणि आत्या त्यांना शिव्या देत हात हलवत होती. केस विस्कटले, दंड भरून आले. शेवटी पट्टी त्या सुरेख फुलाच्या पाकळीतून आरपार गेली आणि पलीकडून खाली आली. आत्याने दोन्ही टोकं मुठीत घेतली आणि कच्च्या शिवणीचा धागा ओढावा तशी सण्णकन ओढली.

जे वाजलं ते घंटा म्हणण्यासारखं नव्हतं. टर्मिनलच्या त्या टोकाला झोपलेली मुलं रडायला लागली. धावत माणसं आली. दोन शिपाई, बॅग घेतलेला डॉक्टर, आग विझवायचं नळकांडं घेतलेला एकजण, डाव्या खांद्यावर हात ठेवलेले ते सूटवाले गृहस्थ आणि सगळ्यांच्या पुढे टाय लावलेले ड्युटीवरचे साहेब.

"मॅडम, घाबरू नका!" साहेब ओरडले. "आम्ही दार फोडतोय!"

"खबरदार!" आतून आवाज आला. "एका दारापायी आमच्या घरातला एक खांदा गेलाय. किल्ली नाही का कुणाकडे?"

किल्ली मावशीच्या कमरेला होती. ती चहा अर्धा टाकून धापा टाकत येत होती.

"मावशींना एकट्यांना पाठवा," आत्या म्हणाली. "बाकीच्यांनी तोंडं फिरवा."

मावशी आत आली, दार लावून घेतलं, आणि जागच्या जागी उभी राहिली. तिने जमिनीवर बसलेल्या आत्याकडे पाहिलं, मग वर, दोरीच्या फुलातून लोंबणाऱ्या टेपकडे. तिचा चेहरा उतरला.

"ही मी बांधली," ती म्हणाली.

"का हो?"

"खाली लोळायची. पुसताना ओली व्हायची, काळी पडायची, मग साहेब बोलायचे. आणि लोक फ्लश समजून ओढायचे ते वेगळंच, की आली सगळी वरात धावत. म्हटलं वर बांधून टाकावी. लेकीची घालायचे ना, तशी वेणी घातली."

"वेणी सुरेख आहे," आत्या म्हणाली. "पण पडलेला माणूस जमिनीवर असतो, मावशी. छताला लटकलेला नसतो."

मावशीने तोंडाला पदराऐवजी हातातलं फडकंच लावलं. "माझ्या डोक्यातच आलं नाही हो. रोज पुसते ही फरशी. कुणी पडेल तर ते इथे पडेल, हे काही डोक्यात आलं नाही."

"रडू नका, आधी खुर्ची धरा. भिंतीला टेकवून, घट्ट. ते फडकं द्या इकडे." आत्याने फडक्याची घडी करून ब्रेकमध्ये कोंबली. "मला उचलायचं नाही. तुम्ही फक्त खुर्ची धरा. चढायचं ते मी चढेन."

चढायला वेळ लागला. बाहेरून साहेब दोनदा "सगळं ठीक ना?" म्हणाले आणि मावशीने दोन्ही वेळा "गप बसा हो" म्हटलं. मग आत्याने केस सारखे केले, टेप गळ्यात घातली, कललेल्या आरशात एकदा बघितलं, आणि दार उघडून बाहेर आली. भिंतीकडे तोंड करून उभे असलेले शिपाई, डॉक्टर आणि साहेब एकदम वळले.

"देवाची कृपा," साहेब म्हणाले. "तुमच्या घरच्यांनाही आम्ही लगेच कळवलंय. तिकिटावर नंबर होता."

आत्याने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की साहेबांनी टाय सैल केला. फोन वाजायला लागला होताच.

"पडलीस?" दादा म्हणाला.

"पडले."

"आतून कडी लावली होतीस?"

"लावली होती."

"मी काय म्हटलं होतं? आता परत ये. मी इथेच आहे बाहेर."

"माहीत आहे. खांबामागे. पोट दिसतंय तुझं मघापासून."

लांब काचेपलीकडचं पोट खांबामागे आत ओढलं गेलं.

"पडले ते कडीमुळे नाही, ब्रेकमुळे," आत्या म्हणाली. "जो तू येत्या रविवारी बसवणार आहेस."

"विषय बदलू नकोस. मला फोन का नाही केलास? मी बोललो ना तुझ्याशी! हातात फोन होता तुझ्या!"

"केला असता तर तू आला असतास, दादा."

हे ती भांडणाच्या आवाजात म्हणाली नाही. साहेबांनी तेवढ्यात संधी साधली. ते फोनपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मॅडम, विमान लागेपर्यंत आमच्या मावशी तुमच्याबरोबर राहतील. पुन्हा जावं लागलं तर त्या आत येतील. फक्त कडी लावू नका, एवढीच विनंती."

"बरोबर बोलतायत ते," फोनमधून दादा म्हणाला.

डॉक्टरने मान डोलावली. नळकांडंवाल्यानेही डोलावली. सूटवाले गृहस्थ "सेफ्टी फर्स्ट" म्हणाले.

आत्याने चाकं फिरवली आणि सरळ चहाच्या टपरीकडे गेली. मागोमाग सगळी वरात. मावशी तेवढी आली नाही, ती त्या दाराआड गेली.

"मोठा द्या," आत्या म्हणाली. "आणि एक मावशींना झाकून ठेवा. त्यांचा मघाचा माझ्यापायी गेला."

ती चहा पीत होती आणि साहेब समोर उभे राहून तिचा प्रत्येक घोट डोळ्यांनी गिळत होते. त्या चहाचा पुढचा प्रवास काय आहे, हे तिथल्या प्रत्येकाला समजत होतं. फोन मांडीवर चालूच होता. "काय चाललंय?" दादा विचारत होता. "चहा पितेय," आत्या सांगत होती. "संपव लवकर," मग जरा वेळाने, "अजून पितेयस?" आत्याने कप तळापर्यंत संपवला. हात तिने टेपला पुसला.

मग ती वळली आणि दारापाशी गेली. मावशी आतून बाहेर येत होती. तिच्या मागे, कोपऱ्यात, लाल दोरी छतापासून थेट फरशीपर्यंत लोंबत होती. इतके दिवस वेणीत राहिल्यामुळे तिला नागमोडी वळणं पडली होती.

"रोज धुऊन काढीन," मावशी म्हणाली. "काळी पडली तर पडू दे."

"हे धरा," म्हणून आत्याने फोन तिच्या हातात दिला. "माझा भाऊ आहे. बोला त्याच्याशी." आणि ती आत गेली. दार सरकलं.

मावशीने फोन कानाला लावला. साहेब दोन पावलं पुढे आले, तशी ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि साहेब थांबले.

"हॅलो," मावशी म्हणाली. "गेल्या आत."

"कडी लावली का तिने?" दादाने विचारलं.

"ते काय मला दिसतंय होय, दादा? माझी पाठ आहे तिकडे."

"बरं, मग ऐका जरा. काही ऐकू येतंय का? गातेय का ती?"

मावशीला हा प्रश्न काही कळला नाही, पण तिने मान मागे टेकून दाराला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"नाही हो," ती म्हणाली. "आत अगदी शांत आहे."

मावशीला वाटलं, फोन कट झाला.

"हॅलो? आहात ना?"

"आहे," दादा म्हणाला. "असू दे. आणि हे बघा मावशी, तिला 'झालं का?' म्हणून विचारू नका. तिला आवडत नाही ते."